लीग बदलावी का? अल ऐनचं गवत आणि शारजाचं जेवण

सुहासचा फोन आला तेव्हा मी भूगोलाचे पेपर तपासत होते आणि एका मुलाने वाळवंटात उसाचं पीक घेतल्यामुळे आधीच वैतागले होते.

"अक्का, चार दिवस दुबईला ये की."

"का? मानसीशी भांडलास?"

"न्हाई गं. टीमचं आहे. फोनवर नाही सांगता येत."

सुहास माझा धाकटा भाऊ. दुबईतल्या एका भारतीय कॉलेजात खेळाचा शिक्षक आहे आणि तिथल्या फुटबॉल संघाचा कोच. आम्ही कोल्हापूरच्या पेठेत वाढलो. बाबा तालमीच्या संघाचे गोलकीपर होते. आमच्या घरी पाहुण्याला आधी पाणी विचारत नसत, कुठल्या संघाचे ते विचारत. त्यामुळे 'टीमचं आहे' म्हटल्यावर मी पेपर बाजूला सारले. नवरा म्हणाला, "जा बाई, नाहीतर इथं बसून माझं डोकं खाशील."

तयारी सांगते, म्हणजे तुम्हाला उपयोगी पडेल. व्हिसा एजंटकडून काढला, तीन-चार दिवसांत आला. कोल्हापूरहून गाडीने पुणे आणि पुण्याहून थेट विमान. थंडीतच जा. उन्हाळ्यात गेलात तर मला शिव्या द्याल. हिशेबाला दिरहमचे चोवीस रुपये धरा आणि पहिल्या दिवसानंतर रुपयांत मोजणं सोडून द्या. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही.

सुहास ऊद मेथाला राहतो. त्या भागात भारतीय शाळा इतक्या आहेत की सकाळी खिडकीतून पाहिलं तर दप्तरांचा पूर आलेला दिसतो. मानसीने पोहे केले होते. तेरा वर्षांच्या रेवाला मी विचारलं, "काय गं, आत्याची आठवण येते का?" ती म्हणाली, "ऑफकोर्स आत्या, बट यू शुड टेक्स्ट मोर." मी पोहे खाल्ले.

मग सुहासने प्रकरण सांगितलं. त्यांचं कॉलेज आजवर दुबई-शारजातल्या छोट्या भारतीय कॉलेजांच्या लीगमध्ये खेळतंय. सहा संघ. आता अबू धाबी आणि अल ऐनच्या मोठ्या विद्यापीठांच्या लीगने त्यांना बोलावलंय. तिथे हिरवी मैदानं, चांगले पंच, सामन्यांचं व्हिडिओ शूटिंग, आणि क्लबवाले मुलं हेरायला येतात.

"मग जा की! विचार कसला करतोस?"

"आमचे सहाचे पाच झाले की ही लीग बंद होते. नियमच आहे तसा. आणि इक्बालभाईंच्या कॉलेजने सांगून ठेवलंय, लीग नसेल तर टीमही नाही."

इक्बालभाई म्हणजे इक्बाल परकार. मूळचे रत्नागिरीकडचे. शारजातल्या एका छोट्या कॉलेजच्या संघाचे कोच, आणि सुहास दुबईत नवा होता तेव्हा ज्यांनी त्याला जुन्या दुबईत, देरातल्या आपल्या खोलीत ठेवून घेतलं ते गृहस्थ.

"प्रिन्सिपॉल म्हणाले, सोमवारी मला फक्त येस ऑर नो सांगा. मी सांगेन तेच होणार. बाबा असते तर त्यांना विचारलं असतं."

माझ्या मनात उत्तर तयार होतं. बाबांना तरुणपणी मुंबईच्या एका कंपनीने संघात बोलावलं होतं, पक्की नोकरी देऊन. बाबा गेले नाहीत. 'पेठ सोडणार नाही' म्हणाले. ही गोष्ट मी शाळेत दरवर्षी मुलांना सांगते. तीच मी सुहासला ऐकवली. तो म्हणाला, "उद्या आधी अल ऐन बघ."

शुक्रवारी दुपारनंतर कॉलेजच्या बसमधून निघालो. नव्या लीगमधल्या एका संघाशी मैत्रीचा सामना होता, आमची मुलं कितपत टिकतात ते बघायला. दुबईहून दीड तास. स्वतः जाणार असाल तर अल घुबैबा बसस्थानकाहून सरकारी बस मिळते, साधारण पंचवीस दिरहम. रस्ता असा की ताटातलं पाणीही हलू नये. वाळू हळूहळू तांबडी होत जाते, कुंपणापलीकडे उंट दिसतात, आणि मग अचानक खजुराची झाडं आणि मागे जबल हफीतचा डोंगर. वाटेत पेट्रोल पंपावर कडक चहा आणि चिप्स घातलेला पराठा खाल्ला. पराठ्यात चिप्स! ऐकायला कसंतरी वाटतं, पण मी दोन खाल्ले.

आणि ते मैदान. काय सांगू! मला चप्पल काढून चालावंसं वाटलं. आमचं सगळं बालपण गुडघे सोलवटणाऱ्या मातीवर गेलं. इथे गवताला सुद्धा कुणी भांग पाडून दिल्यासारखं दिसत होतं. प्रेक्षकांत मात्र मी, दोन शिक्षक आणि फोनमध्ये डोकं घातलेल्या चार मुली. गोल झाला तरी टाळ्या अशा, जसं काही कुणी भाषण संपवलंय.

आम्ही तीन गोलांनी मागे होतो आणि मध्यंतराच्या जरा आधी आमच्या फैजानने उजवीकडून घुसून असला गोल मारला की मी उभी राहून "अरे वाघा!" म्हणून ओरडले. फैजान म्हाडकर, श्रीवर्धनच्या बाजूचा, वडील जबल अलीत गोदामावर सुपरवायझर. मध्यंतराला मुलं पाणी प्यायला कडेला आली आणि मी जे केलं ते कुठल्याही कोल्हापूरकराने केलं असतं. आमच्याकडे झकास गोल मारला की प्रेक्षकांतून बक्षीस जातं, माईकवर नाव पुकारलं जातं. मी पर्समधून पन्नास दिरहमची नोट काढली आणि सगळ्यांदेखत फैजानच्या हातात कोंबली.

"हे कोल्हापूरकडून!"

लीगचे एक अधिकारी होते, विनोद नावाचे, केरळचे. ते धावतच आले.

"मॅडम, प्लीज. यहाँ प्लेयर कॅश नहीं ले सकता. रूल है."

"अहो, शाबासकी है. पचास दिरहम की."

"एक दिरहम भी नहीं, मॅडम. लीग का मॅच होता तो ये लडका बाहर बैठता. आज फ्रेंडली है, मैंने कुछ देखा नहीं. खलास."

फैजानने नोट परत दिली. त्याचे कान लाल झाले होते, माझे त्याहून लाल. सुहास दुसरीकडे बघत होता, म्हणजे हसत होता किंवा रडत होता. आमच्या रक्तातलं कौतुक इथे गुन्हा ठरतं, मग ही लीग आपली कशी, असं मला वाटलं. माझं 'नको' पक्कं झालं.

सामना आम्ही चार-एक हरलो. परतीच्या बसमध्ये मुलांची तोंडं उतरलेली असणार म्हणून मी समजूत घालायला गेले, तर फैजान म्हणाला, "आँटी, इथे बॉल जिथे पाठवतो ना, तिथेच जातो! आमच्या टर्फवर तो त्याच्या मर्जीने जातो. मला आज फर्स्ट टाइम कळलं की मी बरोबर पास देतो." त्याचे डोळे असे चमकत होते की माझं पक्कं झालेलं 'नको' दुबई यायच्या आत ढासळलं. ह्या पोराला कुठल्या तोंडाने सांगायचं की तू तिथेच खेळ, कारण माझ्या बाबांनी पेठ सोडली नव्हती?

शनिवारी सकाळी शारजा. अंतर थोडं, पण ट्रॅफिक जगप्रसिद्ध. सकाळी लवकर निघा, नाहीतर गाडीतच जेवायला लागेल. इक्बालभाईंच्या संघाशी जुन्या लीगचा सामना. मैदान गोदामांच्या मधोमध, प्लास्टिकचं गवत, एका कोपऱ्यात उसवलेलं. पण माणसं! आया, मावश्या, डबे, ढोलकी, कडेवरची पोरं. मी पोचायच्या आत माईकवर कुणीतरी म्हणालं, "कोल्हापूर से अक्का तशरीफ लायी है!" बक्षिसाची बातमी माझ्या आधी शारजात पोचली होती.

ह्या लीगची एक रीत आहे. जिंकेल त्याने हरलेल्याला जेवू घालायचं. कुणी सुरू केली कुणास ठाऊक. हरलेल्या पोरांनी उपाशी आणि एकेकट्याने घरी जाऊ नये, एवढाच त्यामागचा विचार. आम्ही तीन-दोन जिंकलो. घसा बसेपर्यंत मी ओरडले, आणि शेजारच्या मावशीशी, जी त्यांच्या गोलकीपरची आई निघाली, कडाक्याचं भांडून मग तिच्याच डब्यातला खजूर खाल्ला.

सुहासने बिर्याणीची ऑर्डर द्यायला फोन काढला, तोच इक्बालभाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"फोन ठेव, सुहास. शबानाने घरी केलंय सगळं."

"भाई, तुम्ही हरलात. पाळी आमची आहे."

"आहे रे. पण आज आमच्याकडे."

दोन्ही संघ त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर जेवायला बसले. तांदळाच्या भाकरी, कोलंबीचं कालवण, शेवटी सांदणं. शबानाभाभी माझ्या ताटात वाढतच राहिल्या. मी म्हटलं, "एवढ्या लोकांचं तुम्ही कधी केलंत?" त्या म्हणाल्या, "काल दुपारपासून. यांनी सांगितलं, पोरं आता लांब जाणार, एकदा घरचं खाऊन जाऊ देत."

त्यांनी ठरवूनच टाकलं होतं की आम्ही चाललो. हे निरोपाचं जेवण होतं. इक्बालभाईंनी अख्ख्या दुपारी लीगचा ल सुद्धा काढला नाही. फैजानला तेवढं म्हणाले, "डावा पाय वापर, बेटा. तिथले डिफेंडर उंच असतात." सुहासच्या ताटात सांदणं तशीच राहिली. मला रडायला आलं आणि मी ते तिखटावर ढकललं.

रविवारी सुहास आणि मी देराला गेलो. अब्रा म्हणजे खाडी ओलांडणारी लाकडी होडी, एक दिरहम. दुबईत एवढ्या पैशात एवढं सुख दुसरं नाही. होडीत त्याने विचारलं, "काय करू सांग."

"जाऊ नकोस," मी म्हटलं. होडी अर्ध्यात आली तेव्हा म्हटलं, "की फैजानसाठी जातोस?" उतरता उतरता म्हटलं, "तूच बघ बाबा."

"एवढं तिकीट काढून आलीस ते हे सांगायला?"

"मला काय माहीत मी इतकी गोंधळेन!"

धक्क्यावर लाकडी जहाजांत फ्रीज आणि टायर चढत होते. ते बघत सुहास म्हणाला, "तू बाबांची ती गोष्ट सांगतेस ना. मी इकडे निघालो तेव्हा बाबा स्टँडवर सोडायला आले होते. बस लागली तेव्हा म्हणाले, 'जा. मी गेलो असतो तर एकदा तरी गवतावर डाइव्ह मारली असती.'"

मी इतकी वर्षं ती गोष्ट अभिमानाने सांगत आले. बाबांनी मला कधी थांबवलं नाही. आता वर्गात ती कशी सांगायची, ते मला कळेना. आम्ही सोन्याच्या बाजारातून काही न घेता चालत गेलो, आणि माझ्यासारख्या बाईने तिथून काही न घेता जाणं म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे ओळखा.

सोमवारी सुहासने 'येस' सांगितलं. त्याने पहिला फोन इक्बालभाईंना केला. मी शेजारीच होते. पलीकडून आवाज आला, "मुबारक! यल्ला, चल, आता जिंकून दाखव." फोन ठेवल्यावर सुहास बराच वेळ बुटांच्या नाड्या बांधत बसला.

मी कोल्हापूरला परतले. दुबईला जावं का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. जा. अब्रात बसा, अल ऐनला नक्की जा, शारजात कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्या घरी जेवा. पण आमचा निर्णय बरोबर होता का, ते मला विचारू नका. सकाळी बरोबर वाटतो, संध्याकाळी चूक. पेठेतल्या सामन्याला गेले तरी आता बक्षीस काढताना हात क्षणभर थबकतो.

महिन्याभराने नव्या लीगचा पहिला सामना झाला. अल ऐनलाच. संध्याकाळी सुहासचा फोन आला.

"हरलो गं. तीन-शून्य."

"फैजान?"

"छान खेळला. कुणीतरी त्याचं नाव लिहून घेतलं."

"आणि इक्बालभाईंची टीम?"

"खलास. गेल्याच आठवड्यात कॉलेजने जर्सी जमा करून घेतल्या."

जे आपण अशा वेळी बोलतो तेच बोलले. "पोरं जेवली का?"

तो म्हणाला, "जेवली. मॅच संपली, ती टीम हात मिळवून निघून गेली. आमची पोरं तशीच मैदानात बसली होती. बघतो तर पार्किंगमधून इक्बालभाई आणि भाभी येतायत, हातात मोठे डबे. शारजाहून आले होते, अक्का. मी म्हटलं, भाई, तुम्ही कशाला? तर म्हणाले, 'इथल्या जिंकणाऱ्यांना आपली रीत माहीत नाही ना. मग हरलेल्यांना कोण जेवू घालणार?'"