अंशतः खरे

आमच्या आरोग्य केंद्रात बाळंतपणाची सोय नाही, हे खरे आहे काय, असा लेखी प्रश्न आमदारांनी विधानसभेत विचारला होता. सरकारचं छापील उत्तर आज केंद्राच्या भिंतीवर लागलं: ‘हे अंशतः खरे आहे.’

शेजारच्या शांताकाकू नववा महिना लागलेल्या सुनेला घेऊन आल्या होत्या. “अंशतः म्हणजे काय गं?”

“टेबल आहे, बाळंतपण करणारी सिस्टर नाही.”

“मग कळा आल्या की हिनं टेबलाला हाका मारायच्या?”

उत्तरात एक शब्द खोटा नाही, संताप त्याचाच येतो. टेबल खरंच आहे. त्यावर रिकामी खोकी रचलीत. इतकं अचूक लिहिणाऱ्यांना तिथं एक बाई नेमता येऊ नये?

मी धाकट्या दिराला फोन लावला. “काकूंची सून मोकळी होईपर्यंत जीप भाड्यानं द्यायची नाही. त्यांच्या दारात उभी कर.”