नख लावल्याशिवाय

वहीच्या त्या पानावर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘जाऊबाई – कॅन्सर’. खाली कामं. पुढून उघडणारे ब्लाउज चार, शिंप्याकडे. घरी भाकऱ्या कोण करणार. वापीला जायला गाडी. मी तलासरीच्या एका शाळेच्या कार्यालयात काम करते. यादीशिवाय मला बाजारसुद्धा जमत नाही.

मोठ्या जाऊबाई आशागडला राहतात आणि चिकूच्या वाडीत फळं निवडायला जातात. गाठ त्यांनाच आंघोळ करताना लागली. वापीच्या दवाखान्यात मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली. गाठ दगडासारखी, कडा वेड्यावाकड्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिसतंय कॅन्सरसारखं, पण सुईने तुकडा काढून तपासल्याशिवाय मी काही ठरवणार नाही. त्यातलं ‘सारखं’ मी ऐकलंच नाही.

घरात दिरांपासून डहाणूच्या धाकट्या मावशींपर्यंत सगळ्यांचं एकच मत: सुई टोचली की रोग पसरतो. मलाही ते पटलं. शाळेत काम करते, तरी पटलं. मी यादीतली सुईची तपासणी खोडली आणि ‘स्तन काढण्याची तारीख घेणे’ असं लिहिलं. फोन करण्याआधी जाऊबाईंना सांगावं म्हणून वाडीत गेले.

जाऊबाई चिकूच्या ढिगापाशी बसल्या होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं. मग एक चिकू उचलून त्याची साल नखाने जरा खरवडली. आत हिरवं निघालं. दुसरा खरवडला, तो पिवळसर.

“हा कच्चा, हा झालेला. वरून दोन्ही सारखेच ना?” त्या म्हणाल्या. “मी चिकूसुद्धा नख लावल्याशिवाय टोपलीत टाकत नाही. माझ्या अंगाचं मात्र तू वरूनच ठरवलंस.”

त्यांची नजर माझ्या उघड्या वहीवर गेली.

“आणि एवढं मोठं कशाला लिहिलंस? चष्म्याशिवाय दिसलं मला.”

सुईची तपासणी झाली. पसरण्याचं मी भीत भीत विचारलं, तर डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. तसं होत नाही, म्हणाल्या. बरेच जण विचारतात, आणि जे विचारत नाहीत ते तपासणीला परत येत नाहीत.

रिपोर्ट लांबला. तुकड्याला आणखी एक वेगळा रंग लावून बघायचाय, असा निरोप आला. त्या आठवड्यात मी दोन याद्या केल्या, एक बरी आणि एक वाईट. जाऊबाई रोज वाडीत जात होत्या.

शेवटी बोलावणं आलं. गाठीचं नाव ग्रॅन्युलर सेल ट्यूमर. नसांभोवतीच्या पेशींतून होते, क्वचितच कुणाला. हाताला आणि फोटोत अगदी कॅन्सरसारखी, पण बहुतेक वेळा निरुपद्रवी; आणि जाऊबाईंची तशीच होती. भोवतीच्या थोड्या भागासकट गाठ काढायची, स्तन नाही. पुढे अधूनमधून तपासणी.

“म्हणजे कॅन्सर नाही?” जाऊबाईंनी विचारलं.

“नाही.”

थोड्या वेळाने त्यांनी तेच पुन्हा विचारलं. डॉक्टरीणबाईंनी तेच उत्तर तितक्याच शांतपणे पुन्हा दिलं.

परतताना गाडीत त्या म्हणाल्या, सुनेला मी सगळं दाखवून ठेवलं होतं. भाताचं बियाणं कुठल्या कणगीत, नाचणीचं कुठल्या डब्यात, कोणाकडून काय आणायचं. आता तीच मला विचारेल, सासूबाई, कशाला एवढी घाई केलीत.

म्हणजे यादी त्यांच्याकडेही होती. फक्त कुणाला दिसेल अशी लिहिलेली नव्हती.

मी वही काढली, तर त्यांनी हात पुढे केला. “दे पेन.” वरचा ‘कॅन्सर’ हा शब्द त्यांनी इतका दाबून खोडला की खालचं पानही फाटलं. मग बोट खाली सरकवत त्या एका ओळीवर थांबल्या.

“ब्लाउजची ओळ राहू दे. टाके पडतीलच. आणि कापड चांगलं घेतलंयस.”