आठव्या खेळाडूची खोली

माझी वहिनी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या किडक्या दाढा बघूनही तिला कधी किळस आली नाही. ती आली आमच्या क्लबची. मलाही आली, अजून येते.

आमची स्क्वॉशची दोन कोर्टं सभासदांनीच वर्गणी काढून बांधलेली. साथीत त्यांना कुलूप लागलं. साथ ओसरल्यावर ठरलं, व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा भरवायची, महिलांची. हॉटेलं परवडणार नव्हती, तेव्हा बाहेरून येणाऱ्या आठ जणींनी सभासदांच्या घरी राहायचं. छोट्या स्पर्धांत असंच चालतं. फक्त साथीच्या नियमामुळे प्रत्येकीला वेगळी खोली हवी. सोय बघणार वहिनी. बैठकीत एवढ्या जणांनी घर देऊ केलं की तिला काहींना नको म्हणावं लागलं.

मग खेळाडूंची नावं जाहीर झाली आणि फोन सुरू झाले. एकाकडे रंगकाम निघालं. एकीच्या मुलाला अचानक शिंका आल्या. एकानं विचारलं, "ती पोरगी आंघोळ रोज करते ना?" हाच गृहस्थ महिन्यापूर्वी एका लग्नात मास्क हनुवटीला अडकवून दोनदा जेवला होता. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! वहिनीनं दारोदार फिरून सात जणींची सोय लावली. त्यात स्वतःची झोपायची खोलीही दिली आणि दवाखान्यातल्या बाकावर अंथरूण टाकलं.

आठवी राहिली. ही मुलगी साथीत एका गोदामात खोकी भरत होती. वहिनीला फोनवर म्हणाली होती, "ताई, ही स्पर्धा हुकली तर खेळ सोडणार. आता नाही रेटवत."

शेवटी आम्ही दोघं क्लबच्या अध्यक्षांकडे गेलो. घर प्रशस्त. त्यांनी दार निम्मंच उघडलं.

"दिलीच असती हो खोली," ते म्हणाले, "पण आईचं वय बघता धोका नको."

"कुठे आहेत आई?" वहिनीनं विचारलं.

"आत. झोपली आहे."

"सकाळीच मी त्यांच्या कवळीचं माप घेतलं. तुमच्या बहिणीच्या घरी. साथ सुरू झाली तेव्हा पाठवलंत, त्या अजून तिथेच आहेत."

मला वाटलं, आता हा माणूस शरमेनं मान खाली घालेल. कसलं काय! त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अरे हो! मग आईची खोली रिकामीच आहे की. घ्या ना!"

वहिनीनं घेतली. न घेऊन करते काय? गोदामातली ती पोरगी आली, म्हातारीच्या पलंगावर झोपली आणि उपांत्य फेरीपर्यंत पोचली. बक्षीस समारंभात अध्यक्ष म्हणाले, आमच्या घराचं दार खेळाडूंसाठी सदैव उघडं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी वहिनी कवळी बसवायला म्हातारीकडे गेली. मीही सोबत होतो. नवे दात तोंडात बसताच म्हातारी खुशीत बोलायला लागली.

"माझ्या खोलीत पाहुणी राहिली म्हणे. बरं झालं. म्हणजे झाडून-पुसून झाली असेल. मी बॅग भरून ठेवली आहे. कधी येतोय तो न्यायला?"

वहिनी म्हणाली, "कवळी कुठे टोचतेय का, आजी?"

"नाही गं. छान बसली."

वहिनीनं तरी ती काढून घेतली आणि खाली मान घालून घासत बसली.