मिलहेम न्हावी छतावर नाचला तेव्हा

आमच्या गावात मिलहेमच्या वस्तऱ्याखाली मान द्यायला कोणी कचरत नाही. हात इतका स्थिर, की दाढी करता करता गिऱ्हाईक घोरायला लागतं. पण हाच माणूस लग्नात हवा असेल, तर सगळ्यात लांबच्या खुर्चीवर शोधायचा. ढोल वाजला, माणसं हातात हात घालून दबके या पाय आपटायच्या नाचाच्या रांगेत उभी राहिली, की हा पोट धरून बसलेला. लग्नाचं जेवण मिलहेमला पचत नाही, असं बायका खिदळत म्हणायच्या. मला त्यांचा संताप यायचा, कारण खरं काय ते मला माहीत होतं.

मी त्याची चुलतबहीण, वार्दे. आम्ही लहान असताना घरांची छतं मातीची असत. थंडी-पावसाच्या आधी वर नवी माती पसरायची आणि शेजारपाजाऱ्यांनी रांग धरून, गाणी म्हणत, ती पायांनी ठोकून घट्ट करायची. एका वर्षी मिलहेमच्या घराचं छत ठोकताना मधली तुळई मोडली. खाली तो आणि त्याची धाकटी बहीण हिंद खेळत होते. त्याला जिवंत बाहेर काढलं. हिंद गेली. तेव्हापासून छतावर पाय आपटल्याचा आवाज आला, की त्याच्या अंगाला घाम सुटतो. पुढे त्याला मुलगी झाली, तिचंही नाव त्याने हिंदच ठेवलं.

या हिंदचं लग्न वरच्या गावात ठरलं. आमच्याकडे वरपक्ष न्यायला आला, की मुलीच्या बापाने तिचा हात धरून, आपल्याच घराच्या छतावर, रांगेच्या डोक्याशी पहिली फेरी नाचायची. तो नाचला नाही, तर मुलगी नाखुशीने दिली असं धरतात. मग तिला सासरी जन्मभर तेच ऐकावं लागतं. माझ्या आत्याला लागलं. तिचा बाप त्या दिवशी तापाने फणफणला होता, पण ऐकतंय कोण!

मिलहेम दुपारी दुकान बंद करून माझ्या अंगणात येऊन उभा राहिला.

"ताई, मला दबके शिकव. कुणाला सांगू नकोस."

"सांगून कोणाचा विश्वास बसणारे? बूट काढ."

मी एक हात त्याच्या हातात दिला आणि दुसऱ्याने तेलाचा रिकामा डबा वाजवायला घेतला. बाई म्हणून मला रांगेचं डोकं कधी कोणी दिलं नाही, पण पाय माझ्यापेक्षा कोणाला कळतात ते दाखवा. पहिल्या दिवशी मिलहेम द्राक्षं तुडवल्यासारखा चालला. नजर खाली.

"पायांकडे काय बघतोस? पळून जाणारेत का ते?"

"चुकतील ना!"

"चुकू देत. कान डब्याला दे. आणि माझा हात सोड जरा, मोडशील! दोर धरलायस का विहिरीतला?"

नवशिक्याच्या सगळ्या खोडी याच्यात होत्या. लांब ढांगा टाकायचा, गुडघे ताठ ठेवायचा, श्वास कोंडायचा. मी त्याला आधी नुसतं ठेक्यावर चालायला लावलं, मग पाय आडवा टाकायला, मग उचलायला. पाय आपटायची वेळ आली की मात्र तो पाय हवेतच थांबे. अंगणातल्या साध्या जमिनीवरसुद्धा. एकदा मी चिडून म्हटलं, "अरे, खाली धरणी आहे, ती कुठे जाणारे?" तो पांढराफटक पडला आणि जाऊन हौदाच्या काठावर बसला. मला माझ्या जिभेची लाज वाटली.

हळूहळू पाय पडू लागला. मग मी त्याला माझ्या छतावर नेलं. जिन्याच्या मधल्या पायरीवर तो दोनदा खाली बसला. वर आल्यावर माझ्या खांद्याला धरून माझ्या मागे मागे छान नाचला. मला वाटलं, झालं काम. इथेच मी फसले. तो ठेका शिकलाच नव्हता. तो नुसता माझी पाठ बघून पाय टाकत होता.

लग्नाच्या सकाळी छत माणसांनी भरलं. ढोल वाजू लागला, दोन नळ्यांचा पावा किंचाळू लागला. मिलहेम रांगेच्या डोक्याशी उभा राहिला. डाव्या हातात हिंदचा हात, उजव्या हातात रुमाल. आणि समोर कोणाची पाठ नाही. मी रांगेत पार मागे, बायकांच्यात.

नवऱ्यामुलाचा चुलता अबू अस्साफ, बैलासारखा माणूस, त्याने जोरात पाय हाणला. छत खरोखर हललं. मिलहेम जागच्या जागी थिजला. रुमाल हातात लटकत राहिला. ढोलवाल्याने तीच थाप पुन्हा घेतली, मग पुन्हा.

"काय हो सोयरे," अबू अस्साफ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मुलगी द्यायची नाही का?"

कोणीतरी हसलं. माझ्या तोंडाशी शिवी आली होती. तेवढ्यात हिंद बापाच्या कानाशी वाकली. तिने काय सांगितलं ते मिलहेमने मला पुढे सांगितलं.

"बाबा, मीपण घाबरलेय. मला तिथलं कोणीच माहीत नाही. तुम्ही हलला नाहीत तर मलाही जाता येणार नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि पाय आपटला. ठेका चुकला. दुसरा बरोबर पडला. त्याच्या ओठांवर ढोलाचे बोल दिसत होते, सदरा घामाने पाठीला चिकटला होता. ज्या दिशेने फिरायचं त्याच्या उलट तो एकदा वळला, आणि अख्खी रांग निमूटपणे त्याच्यामागे उलटी वळली. फेरी संपेपर्यंत त्याची भीती एका क्षणालाही गेली नाही. मी त्याला आयुष्यभर ओळखते, मला दिसत होतं.

ढोल थांबला. बायकांनी जीभ हलवत आनंदाचा लांब किलकिलाट केला. अबू अस्साफने पुढे येऊन मिलहेमच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, "अल्ला बरकत देवो, सोयरे," म्हणाला. खाली गाड्यांचे भोंगे वाजू लागले. सगळे जिन्याकडे वळले.

मिलहेम मात्र हिंदचा हात धरून तिथेच उभा होता. आता छताला धक्का लावणारं कोणी नव्हतं, तरी तो मघापेक्षा जास्त थरथरत होता.

"बाबा, सोडा ना," हिंद म्हणाली.

"सोडतो," तो म्हणाला, पण हात सुटेना. शेवटी तिने दुसऱ्या हाताने बापाचं एक एक बोट उलगडलं, आणि जिना उतरून गेली.