खिळ्यावरची चाबी

माझी आई केळापूरजवळच्या एका जिनिंग कारखान्यात कापसातला कचरा वेचायची. कामावर ती दिवसभर पाणी प्यायची नाही, कारण बायकांच्या संडासाला कुलूप असायचं आणि चाबी ऑफिसात जाऊन मागावी लागायची. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. त्याच ऑफिसात लागले, तर ती चाबी माझ्याच खुर्चीमागच्या खिळ्यावर. दोन वर्षं मीही ती मागितल्यावरच देत होते.

आमच्या मुकादमबाई बोलण्याआधी भुवयांवरचा कापूस झटकतात. "मी" असं कधी म्हणत नाहीत, "आमी बाया" म्हणतात.

यंदा मॅनेजरसाहेबांनी बाहेरून पाहुणे बोलावून ऑफिसातच आम्हा कर्मचाऱ्यांसाठी आणि मुकादमांसाठी नेतृत्वाचं प्रशिक्षण ठेवलं. पडद्यावर मोठ्या अक्षरात आलं, 'आपण सारे एक परिवार'. साहेबांनी विचारलं, "कोणाला काही अडचण?"

बाईंनी भुवया झटकल्या. "सायेब, तुमच्या घरच्या बाया संडासाची चाबी कोनाले मांगतात?"

साहेब हसले. "आजचा विषय वेगळा आहे, बाई."

म्हणे परिवार!

बाई सरळ माझ्यापाशी आल्या. "पोरी, तुही मायबी इथं तहानलीच राहे ना?"

नोकरी जायची भीती होती, तरी मी चाबी दिली. त्यांनी कुलूप काढून आणलं आणि पाहुण्यांदेखत साहेबांपुढं ठेवलं. "हे तुमच्यापाशीच ठेवा. आमी बाया कामाले लागतो."

साहेबांना ते परत लावायला तोंड राहिलं नाही. आता त्या दाराला फक्त आतून कडी आहे, आणि बाया कामावर पाणी पितात.