तंबूसाठी पिक्चर आणायला मुंबईला

लोक मुंबईला जातात, राणीची बाग बघतात, चौपाटीवर भेळ खातात आणि गावी येऊन आठ दिवस तेच सांगत बसतात. मी मुंबईला गेलो तो थेटरबाहेर उभा राहून रडणाऱ्या बायका बघायला. कुणाचा भलता समज व्हायच्या आत कारण सांगून टाकतो.

आमच्या थोरल्या भावाचा, दादाचा, तंबूतला सिनेमा आहे. कऱ्हाडच्या आसपासच्या जत्रांत तो तंबू ठोकतो आणि आमच्या गावच्या चैत्री जत्रेचा पिक्चर दरवर्षी स्वतः मुंबईला जाऊन निवडून आणतो. निवडायची त्याची रीत अशी, की पिक्चर अजिबात बघायचा नाही. खेळ सुटायच्या वेळी दाराबाहेर उभं राहायचं आणि बाहेर पडणाऱ्या बायकांचे पदर बघायचे. पदर ओले असले तर पिक्चर घ्यायचा, कोरडे असले तर चहा पिऊन पुढच्या थेटरकडे निघायचं. तंबूतही तो पडद्याकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून खुर्ची टाकतो. बारा वर्षं सिनेमाच्या धंद्यात काढून या माणसानं एकही पिक्चर बघितलेला नाही.

त्या वर्षी खांब उभा करताना दादा घसरला आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. आणि नेमकं त्याच वर्षी शेजारच्या गावच्या एकानं आमच्याच जत्रेत दुसरा तंबू आणायचं ठरवलं. दादानं सरळ सांगून टाकलं, औंदा पिक्चर पडला तर तंबू विकायचा आणि वहिनीच्या माहेरी जाऊन भुईमूग काढायचा. वहिनी तिकिटं फाडता फाडता केसांनी पांढरी झालेली बाई. ती चूल फुंकत राहिली.

जायचं माझ्यावर आलं. मी मराठी शाळेत मास्तर, परीक्षा संपलेल्या, रिकामाच होतो.

"पिक्चर बघायचा नाही," दादानं निघताना बजावलं. "तुला मतं फार. माणसं बघ."

मला राग आला. मास्तराच्या अंगातून मत काढून घेतलं तर मागं राहतं काय, टोपी आणि छत्री. पण दादापुढं बोलायची आमच्यात पद्धत नाही. मी पिशवी उचलली.

पहाटे दादरला उतरलो. त्या दिवसांत मुंबईत भिंत दिसली की तिच्यावर डांबरानं 'झालाच पाहिजे' लिहिलेलं असायचं. काय झालं पाहिजे ते लिहायची गरज कुणाला वाटत नव्हती, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक होतं. एका भिंतीवरचं शुद्धलेखन मला खटकलं, पण खडू जवळ नव्हता.

दादरच्या थेटरसमोर सकाळच्या खेळाच्या वेळी उभा राहिलो. लोक बाहेर आले ते भांडतच. एकीचाही पदर ओला नाही, उलट दोघी-तिघींनी पदर खोचलेले. एका छत्रीवाल्या गृहस्थांना मी 'कसा आहे?' एवढंच विचारलं. त्यांनी माझा दंड धरला, पलीकडच्या दुकानात नेऊन बसवलं आणि पीयूष (श्रीखंड पातळ करून केलेलं पेय, मी दोन पेले प्यालो) मागवून अर्धा तास पिक्चरची चिरफाड केली. छायाचित्रण उथळ, कथा उसनी, नायकाला चालता येत नाही, नायिकेला थांबता येत नाही. शेवटी त्यांनी विचारलं, तुम्ही पाहिलाय का? मी म्हटलं, नाही.

"मग न बघता मतं कसली देता?" असं म्हणून ते रागारागानं निघून गेले. मी तोवर एकही मत दिलेलं नव्हतं.

तिथून परळ. दुपारचा खेळ सुटला तेव्हा सगळे गिरणीतले बाप्ये बाहेर आले, पदराचा प्रश्नच नव्हता. खांद्यावर टॉवेल टाकलेल्या एकाला गाठलं. तो म्हणाला, पिक्चर एक नंबर आहे, डोळे मिटून घेऊन जा. मी खूश झालो आणि काय आवडलं म्हणून विचारलं. तर म्हणे पंखा. रात्रपाळी करून आला होता, नेमकी पंख्याखालची जागा मिळाली, गावाला अंगणात झोपल्यासारखी झोप लागली. मी हिरोबद्दल विचारलं. त्यानं जरा आठवून पाहिलं आणि मलाच विचारलं, "हिरो होता त्यात?"

मुक्काम लालबागला आत्याकडे, चाळीत. आत्याची शेजारीण मालवणची, तिला सगळे मावशी म्हणत. पाहुणा आला म्हणून मावशीनं बांगड्याचं तिखलं धाडलं. आम्ही घाटावरची माणसं, माशाचा काटा आम्हाला ठाऊक, पण तिरफळ (मिरीएवढं कोकणी फळ, वासाला घालतात, चावायचं नसतं) ठाऊक नव्हतं. मी ते नीट चावून खाल्लं. तासभर जीभ जागेवर आहे की नाही ते बोटानं बघावं लागत होतं. बोलता येईना. आत्या म्हणाली, तुझ्या आईला हे आधी कळलं असतं तर घरात शांतता राहिली असती.

दुसऱ्या दिवशी ट्रामनं गिरगावात गेलो. दादरच्या भानगडीतून शहाणा झालो होतो, आता कुणाला विचारायचं नाही, दादाच्या रीतीनं नुसतं बघायचं असं ठरवलं होतं. थेटर एका गल्लीच्या तोंडाशी होतं. बाहेरच्या फलकावर एक बुवा दोन्ही हात वर करून आभाळाकडे बघत होता आणि त्याच्यामागं एक बाई कपाळ धरून बसली होती. माझ्या मनानं घेतलं, इथं काहीतरी आहे.

खेळ सुटला. पहिलीच बाई बाहेर आली ती पायरीवर थबकली आणि पदर डोळ्यांना. मग दुसरी. मग चार जणी एकमेकींना धरून. मी मोजायला लागलो आणि विसाच्या पुढं मोजणं सोडून दिलं. म्हाताऱ्या रडत होत्या, लेकुरवाळ्या रडत होत्या, कोट-टोपीतले कारकून चष्मे काढून रुमाल पिळत होते. एक हॅट घातलेले ख्रिस्ती आजोबा भिंतीला टेकून नुसते 'देवा, देवा' करत होते. मी एका बाईंना विचारायला गेलो, त्यांनी बोलताच येत नाही म्हणून हात हलवला. असा परिणाम मी कीर्तनातही पाहिलेला नाही. आणि काय सांगू, पिक्चरचं एक अक्षरही न ऐकता माझ्या स्वतःच्या डोळ्यांना धारा लागल्या. मला वाटलं, कला म्हणतात ती हीच, भिंतीतून बाहेर येते.

ते आजोबा मला आणि आणखी तिघांना हाताला धरून मागच्या वाडीत घेऊन गेले. लाकडी जिने, रंगवलेले कठडे, दारात क्रूस आणि तुळस एकाच उन्हात, अशी ती टुमदार वाडी होती. ओट्यावर त्यांची बायको विळीवर कांदे चिरत बसली होती आणि येईल त्याच्या हातात अर्धा कांदा देत होती.

"घे बाबा, नाकाला लाव," ती म्हणाली.

आता कांद्यानं डोळ्यांत पाणी येतं हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही कळतं. माणसं आधीच रडताहेत, त्यात वर कांदा कशाला? मग वाटलं, शहर आहे, इथं रडणं अर्धवट सोडत नसतील. मी कांदा हुंगला, आभार मानले आणि थेट पिक्चर भाड्यानं देणाऱ्या शेठचं ऑफिस गाठलं. पिक्चरचं नाव मी इथं लिहीत नाही, नाव घेतलं की आमच्या गावात लोक अजून माझ्याकडे बघतात. शेठनं कागद पुढं केला, मी सही केली. रिळांचे दोन पत्र्याचे डबे ताब्यात घेतले आणि दादाला तार ठोकली: पदर ओले. पिक्चर घेतला.

संध्याकाळी डबे घेऊन लालबागला पोचलो. आत्यानं माझे डोळे बघितले, कांद्याचा वास घेतला आणि कमरेवर हात ठेवले.

"मोर्चात गेला होतास काय रे?"

मी म्हटलं, कसला मोर्चा? मग गॅलरीतल्या सगळ्यांनी मिळून मला सांगितलं. दुपारी गिरगावात मोर्चा अडवला होता, नाक्यावर अश्रुधूर सोडला, तो वाऱ्यानं गल्ल्यागल्ल्यांत शिरला. कांदा हुंगला की धूर कमी झोंबतो, म्हणून हल्ली गिरगावात घरोघर कांदा चिरून ठेवतात. मी त्या धुरात उभा राहून कलेचं कौतुक करत होतो.

"पण पिक्चर कसा आहे?" मी विचारलं.

मावशीनं तो मागच्याच आठवड्यात पाहिला होता. नाव ऐकताच ती गॅलरीत मटकन बसली. "अरे देवा, हसान हसान पोटात दुखाक लागला माझ्या," असं म्हणून तिनं सांगायला सुरुवात केली. बुवा कसा माळ्यावर अडकतो, त्याची बायको त्याला चोर समजून कशी कोंडून ठेवते आणि आभाळाकडे हात करून तो कसा शिडी मागतो. मधेच चाळीतल्याच दुसऱ्या खोलीतले एक आजोबा म्हणाले, शिडीचा भाग ओढून ताणून आणलाय. मावशी त्यांच्यावर उखडली. मग सगळी गॅलरी मतं द्यायला लागली आणि हसायला लागली. एका टोकाला मी बसलो होतो, खाटेखाली डबे होते, आणि गावाला दादा तार वाचून नव्या पाटीला रंग काढत असणार होता. आमच्या जत्रेत आजवर विनोदी पिक्चर लागलेला नाही. बायका वर्षभराचं रडायला तिथं येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे परत करावेत म्हणून निघालो, तर मुंबईत कडकडीत हरताळ. ट्राम नाही, बस नाही. लालबागपासून गिरगावापर्यंत चालत गेलो. एवढं मोठं शहर, पण रस्त्यात माझ्याच वहाणांचा आवाज येत होता. शेठच्या दाराला कुलूप होतं. मी पायरीवर बसलो आणि मला खरोखर रडू आलं, अश्रुधूर नसताना. दादानं बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर काही सोपवलं होतं आणि मी त्याचा तंबू घालवून बसलो होतो.

जत्रा तोंडावर आलेली, थांबायला सवड नव्हती. डबे घेऊन गावी उतरलो तर एस.टी.च्या थांब्यावरच पाटी: 'हृदय पिळवटणारा खेळ. येताना दोन रुमाल आणावेत.' दादाला सांगायची माझी छाती झाली नाही. वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना नका सांगू. व्हायचं ते होईल."

पहिल्या खेळाला तंबू भरला. दादा प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून नेहमीसारखा पडद्याकडे पाठ करून बसला. बुवा माळ्यावर अडकला, बायका म्हणाल्या, अरेरे. बायकोनं त्याला कोंडलं, एक म्हातारी पाटीला मान देऊन हुंदके द्यायला लागली. हसू आलेले लोक इकडेतिकडे बघून ते गिळत होते, मयताच्या घरात गिळावं तसं. असं पाऊण तास चाललं. दादाला लोकांची तोंडं वाचता येतात, आणि ती तोंडं बघून त्याचं तोंड हळूहळू उतरत गेलं. शेजारच्या तंबूतून भक्तिगीत ऐकू येत होतं. मागची दोन माणसं उठून तिकडे गेली.

तेवढ्यात बुवानं शिडी मागितली आणि दाराशी तिकिटं घेऊन उभी असलेली वहिनी हसली. वहिनीचं हसणं आम्ही घरातही क्वचितच ऐकलेलं. ते एकदा सुटलं ते तिला आवरेना, भिंतीला धरायला गेली तर तंबूला भिंत नव्हती, खाली बसली. मग तिच्या शेजारची हसली, मग ती रांग, आणि मग अख्खा तंबू फुटला. पलीकडच्या तंबूतली माणसं कनातीखालून डोकी घालून काय झालं ते बघायला लागली. रात्रीच्या खेळाला निम्मी जत्रा आमच्याकडे आली आणि तंबू विकायचं नाव पुन्हा आमच्या घरात कुणी काढलं नाही.

सकाळी आम्ही दोघं कनातीच्या सावलीत बसलो होतो. मुंबईचं सगळं मी दादाला तेव्हा सांगून टाकलं, कांद्यासकट. तो रागावला नाही. उलट मी न विचारताच म्हणाला, शिडीचा भाग जरा लांबलाय, आणि त्या बायकोचं काम आणखी पाहिजे होतं. मग बुवाच्या चालण्याबद्दल बोलला, माळ्यावरच्या उजेडाबद्दल बोलला. चहा गार झाला तरी बोलत होता. दादाला मतं आहेत हे मला त्या दिवशी कळलं. आणि मग, जन्मात पहिल्यांदा, त्यानं मला विचारलं, "तुला कसा वाटला?"

काल तंबू हसायला लागल्यावर दादानं कुबडी टेकली होती, खुर्ची खरडत वळवली होती आणि पडद्याकडे तोंड करून शेवटपर्यंत बघितलं होतं. मी पिक्चर बघितलाच नव्हता. तेवढा सगळा वेळ मी त्याच्याकडे बघत होतो.