इको खोलीतली फौजदारीण

आमच्या हॉस्पिटलच्या तळघरात, कपडे बदलायच्या खोल्यांच्या पलीकडे, एक बंद दार आहे. दारामागे काय चाललंय ते दिसत नाही, पण ऐकू मात्र जिन्यापर्यंत येतं.

"डाव्या कुशीवर! तुमची डावी हो, माझी नव्हे!"

"श्वास सोडा. आता थांबा. थांबा म्हटलं की थांबायचं, उसासे टाकायचे नाहीत!"

"हलू नका! हृदय हलतंय तेवढं पुरे आहे!"

हा आवाज फौजदारणीचा. तिचं खरं नाव तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर आहे, पण ते कायम उलटं लोंबत असतं, आणि ते सरळ करा असं तिला सांगायची आमच्यापैकी कुणाची हिंमत नाही. ठेंगणी, पिकल्या केसांचा आवळून बांधलेला अंबाडा, तळघरातल्या थंडीसाठी बारा महिने अंगात तोच मातकट स्वेटर. एका हातात जेलची बाटली, दुसऱ्या हातात पेशंटचा खांदा, आणि तोंडाचा पट्टा चालू.

तिचं काम इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढायचं. कॅन्सरची काही औषधं अशी असतात की गाठीला झोडपता झोडपता हृदयालाही चार टोले देऊन जातात. म्हणून दर तीन महिन्यांनी आधी तळघरात हजेरी लावायची. प्रत्येक ठोक्याला हृदयात भरलेल्या रक्तातलं किती रक्त पुढे ढकललं जातं, ते फौजदारीण पडद्यावर मोजते. आकडा चांगला असला तर वरच्या मजल्यावरचे डॉक्टर पुढचं इंजेक्शन देतात. घसरला तर इंजेक्शन बंद. आणि हा आकडा फौजदारणीला डोळ्यांसमोर दिसत असतो, पण पेशंटला सांगायची तिला परवानगी नाही. ते काम डॉक्टरांचं.

आता तुम्हीच सांगा, जिवाचा निकाल त्या बाईच्या डोळ्यांसमोर आणि आम्ही बाहेर बाकावर. मग बाक काय गप्प बसणार? बाकाने आपली विद्या शोधून काढली. फौजदारीण ज्याच्यावर ओरडेल त्याचं हृदय ठणठणीत. ती ज्याच्याशी गोड बोलेल त्याचं काही खरं नाही.

ह्या विद्येला पुरावा होता. एक आडदांड सुतार होता, दर वेळी तिच्या शिव्या खाऊन हसत बाहेर यायचा. एकदा ती त्याला म्हणाली, "सावकाश उठा हं दादा, घाई नाही." सुतार बाहेर आला तो पांढरा फटक पडून. संध्याकाळपर्यंत त्याचं औषध थांबलं. त्यानंतर एका शिक्षिकेला तिने स्वतः जेल पुसायला कागद दिला, तिचंही तेच झालं. झालं! बाकावरच्या प्रत्येकाला आता बोलणी खायची होती. कुणी मुद्दाम गळ्यातली साखळी काढायला विसरे, कुणी खिशातला फोन वाजता ठेवी. एक बस कंडक्टर तर चहाचा कप घेऊनच आत शिरला. त्याला तिने असा झाडला की तो बाहेर येऊन सगळ्यांशी हात मिळवत सुटला.

मी हे सगळं पाहिलं ते माझ्या धाकट्या जावेपायी. आमची लाँड्री आहे. दोघे भाऊ मागे मशीनवर असतात, जाऊ इस्त्री करते आणि मी काउंटरवर बसून गिऱ्हाइकांशी भांडते. कामाची वाटणी स्वभावाप्रमाणे आहे. माझ्या नाकावर राग, तर जावेला आवाज चढवता येतच नाही. मी तिला लागट बोलले तरी ती "बरं ताई" म्हणते आणि माझं भांडण जागच्या जागी मरतं. इतक्या वर्षांत तिने मला एकदाही उलट उत्तर दिलेलं नाही. हा छळ नाही तर काय आहे?

तिला छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं आणि ही इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की तिला झाली त्या प्रकारच्या गाठीवर हेच औषध लागू पडतं, सगळे डोस पुरे झाले तर बाई निभावली. म्हणजे सगळं अडलं होतं ते तिच्या हृदयावर.

आणि ही बया बोलणी खायला सर्वस्वी नालायक! आत गेली की न सांगता डाव्या कुशीवर वळायची. श्वास धर म्हटलं की धरायची. तपासणी झाली की पलंगावरच्या चादरीची चारही टोकं जुळवून अशी घडी घालायची की आमच्या दुकानात लावून ठेवावी. एकदा ती घडी पाहून फौजदारीण म्हणाली, "छान हो बाळा." माझी पाचावर धारण बसली. बाकावरची माणसं जावेकडे बघेनात. वर गेलो तर डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम. बाकाने यावर बराच खल केला आणि माझी जाऊ अपवाद आहे असं ठरवून विद्या वाचवली.

मला असलं अधांतरी राहणं जमत नाही. पुढच्या खेपेच्या आधी मी जावेची तालीम घेतली. "आत गेलीस की उजव्या कुशीवर झोप. श्वास धर म्हणाली की बडबड कर."

"काय बोलू, ताई?"

"काहीही बोल! हवापाणी बोल!"

बायकांच्या तपासणीला घरची एक बाई आत बसू देतात, म्हणून मी स्टुलावर बसले होते. जाऊ माझ्याकडे बघत बघत उजव्या कुशीवर वळली, लाजली आणि लगेच सरळ झाली. श्वास धर म्हटल्यावर तिने तोंड उघडलं, बारीक आवाजात "आज जरा गारठा..." एवढं म्हणाली आणि "माफ करा हं" म्हणून गप्प झाली. माझा संताप संताप झाला. शेवटी मीच उठले आणि खोलीतला दिवा लावला. अंधारात पडद्याला डोळा लावून बसलेली फौजदारीण ताडकन उठली. "अहो बाई! अक्कल घरी ठेवून येता का?" पुढे काय काय बोलली ते मी लिहीत नाही. मला मात्र एकच शंका होती की नातेवाइकाला बोललेलं पेशंटच्या खाती धरायचं की नाही.

"हे काय चाललंय तुम्हा दोघींचं?" फौजदारणीने कमरेवर हात ठेवून विचारलं.

मी थाप मारायला तोंड उघडलं तोच माझ्या सत्यवादी जावेने, अंगाला तारा चिकटलेल्या तशाच असताना, बाकाची अख्खी विद्या तिला सांगून टाकली. सुतार, शिक्षिका, चहाचा कप, सगळं.

 फौजदारणीने दिवा मालवला आणि ती खुर्चीत बसली. "फोटो नीट आला की मी पुढच्या पेशंटच्या घाईत असते, म्हणून ओरडते," ती म्हणाली. "काही वेगळं दिसलं की पुन्हा पुन्हा काढावा लागतो. माणूस शांत पडून राहावा लागतो. म्हणून तेव्हा हळू बोलते. मी असं करते हे माझ्या लक्षातच नव्हतं." पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा दिसत होता आणि मला अगदी पहिल्यांदाच तिची दया आली.

दया फार काळ टिकली नाही. त्या दिवसापासून ती सरसकट सगळ्यांवर ओरडायला लागली. आजारी, बरे, म्हातारे, जेलची खोकी आणून देणारा माणूस, कुणाला सोडलं नाही. विद्या पार बुडाली. बाकाला काहीच कळेना, आणि हे कुणामुळे झालं ते मात्र लगेच कळलं. कंडक्टरने मला बसायला जागा द्यायचं बंद केलं.

पुढच्या तपासणीला जावेवर पहिल्यांदा तोफ डागली गेली. "हात डोक्याखाली! सांगावं लागतं का? ती चादर ठेवा तिथं, इथे लाँड्री नाही!" जाऊ बाहेर आली ती डोळ्यांत पाणी आणून हसत. "ताई, मला ओरडल्या!" त्या ओरडण्याला आता काडीची किंमत नाही हे मला ठाऊक होतं. ते तिच्या तोंडावर सांगायला माझी जीभ रेटली नाही.

वर डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. आकडा बराच घसरला होता. इंजेक्शन तूर्त बंद, हृदयासाठी गोळ्या चालू, काही आठवड्यांनी परत इको. बऱ्याचदा हृदय सावरतं, असंही ते म्हणाले, पण तेवढं ऐकायला जाऊ त्या खोलीत मनाने राहिलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिने एका शर्टाची कॉलर जाळली. ह्या बाईच्या हातून कधी साधी चुणी राहिली नव्हती. गिऱ्हाईक भडकलं, मी त्याला दुप्पट भडकून हाकललं आणि मागच्या खोलीत जाऊन रडले. लपवून काय उपयोग, मी घाबरले होते. ही गेली तर मी भांडू कुणाशी, आणि "बरं ताई" म्हणून मला गप्प कोण करणार?

मग अचानक जाऊ इस्त्री बंद करून निघाली. मी मागे मागे. ती थेट तळघरात उतरली, आणि फौजदारीण दारात दिसताच तिच्यासमोर उभी राहिली.

"तुम्ही मला खोटं ओरडलात," ती म्हणाली. आवाज चढलेला होता. माझ्या जावेचा!

"मला सांगता येत नाही हो..."

"नका सांगू. पण मग नाटक तरी करू नका. मी वेडी, आनंदाने रडत वर गेले!"

फौजदारणीने मान खाली घातली.  "परत नाही करणार," ती म्हणाली.

परत तपासणीचा दिवस आला तेव्हा तिने शब्द पाळला. वळा, श्वास सोडा, थांबा, झालं. ना गोड, ना कडू. मी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते, पण तिथे काडीचा सुगावा लागला नाही. वर डॉक्टरांच्या दारासमोर मी जावेचा हात इतका दाबला की ती म्हणाली, "ताई, हा हात मला कामाला लागतो." उलट उत्तर! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

हृदय सावरलं होतं. इंजेक्शन त्याच दिवशी पुन्हा सुरू झालं.

जाऊ खुर्चीत सुई लावून बसली, तेव्हा माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक. मी खाली गेले आणि दार न वाजवता आत शिरले.

"बाहेर थांबा!" अंधारातून आवाज आला.

"चालू झालं तिचं इंजेक्शन," मी म्हटलं.

तिने दिवा लावला. पलंग रिकामा होता, ती पुढच्या पेशंटची तयारी करत होती. हातातली बाटली तिने खाली ठेवली. "खरंच?" मग म्हणाली, "मी इथून रिपोर्ट पाठवते. पुढे काय होतं ते मला कुणी सांगत नाही. माणूस परत आला तर आला. नाही आला की मी समजून घेते. काय समजायचं तेही कळत नाही. डोस संपले म्हणून आला नाही, की..."

तिने वाक्य सोडून दिलं आणि एकेकाची चौकशी सुरू केली. शिक्षिका? तिचं औषध बदललं, नोकरीवर रुजू झाली. ती जुळ्या मुलींची आई? डोस पुरे झाले, दुसऱ्या गावी राहायला गेली. बाकावर बसून बसून मला सगळ्यांचं सगळं माहीत होतं. मी सांगत गेले आणि ती ऐकताना स्वेटरच्या बाह्या ओढत राहिली.

"आणि ते टॅक्सीवाले काका?" तिने विचारलं. "माझं घड्याळ पुढे आहे म्हणून दर वेळी वाद घालायचे ते?"

मी तिच्याकडे पाहिलं. "गेले," मी म्हटलं. "मागच्या महिन्यात. हृदयाने नाही, गाठच पसरली. तुमचा आकडा बरोबर होता."

ती पलंगाच्या कडेवर बसली. सांडलेलं जेल स्वेटरला लागलं तरी तिचं लक्ष गेलं नाही. बाहेर बाकावर कुणीतरी खाकरलं, कुणीतरी दार ठोठावलं, तिने ओ दिली नाही. मीही तिच्या शेजारी बसले.  मग ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. मी तीन महिने रोज दाराकडे बघत होते."